ट्रकच्या फोटोच्या आधीची आणि नंतरची बातमी: मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या आणि बातम्यांच्या संकेतस्थळांचे संपादक

विषय : हवामान बदल आणि स्थलांतर यांच्या बातम्या कशा होतात, याबद्दल

स.न.वि.वि.

दसरा उलटला की तुमच्याकडे एक फोटो हमखास येतो. भांड्यांची पोती, बाज, सरपण, एखादी शेळी आणि त्यावर बसलेली माणसे घेऊन ट्रक बीड, पाथर्डी, जामखेडकडून पश्चिमेला ऊसतोडीसाठी निघालेला असतो. पाऊस कमी झाला असेल तर खाली ओळ येते, दुष्काळाने गाव सोडायला लावले. पाऊस जास्त झाला असेल तर अतिवृष्टीने सोडायला लावले. पाऊस सरासरीइतका झाला तर बातमी येत नाही. ट्रक मात्र त्या वर्षीही निघतात. आणि मधूनच आंतरराष्ट्रीय पानावर २०५० पर्यंत वीस कोटी लोक 'हवामान निर्वासित' होणार असल्याचा मथळा असतो. या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध आहे का, असला तर काय, हे वाचकाला कुणी सांगत नाही.

आम्ही हंगामी स्थलांतराच्या वेगवेगळ्या टोकांवर काम करणारी माणसे आहोत. आमच्यापैकी कुणी विहिरींच्या पातळ्या मोजतो, कुणी तोडणीला गेलेल्यांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहात शिकवतो, कुणी ऊसतोड जोड्यांनी घेतलेल्या आगाऊ रकमेचे, म्हणजे उचलीचे, हिशेब तपासतो. तुमच्या बातमीशी आमचा संबंध थेट आहे. वसतिगृहाची मंजुरी, रोजगार हमीची कामे, टँकर यांची मागणी जिल्ह्याच्या बैठकीत होते तेव्हा टेबलावर पुष्कळदा तुमचे कात्रण असते. कात्रणातला महिना चुकीचा असेल तर मागणीही चुकीच्या महिन्यात होते. म्हणून हे पत्र खासगीत न पाठवता वाचकांसमोर ठेवत आहोत.

सुरुवात वेळेपासून करतो. ट्रक ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतो, पण जायचे की नाही हे तीन-चार महिने आधीच ठरलेले असते. मुकादम, म्हणजे तोडणीसाठी मजूर जमवणारा कंत्राटदार, जून ते सप्टेंबर या काळात उचल वाटतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एका कोयत्याची उचल आता लाखाच्या घरात गेली आहे. ती एकदा घेतली की जाणे पक्के. परतीचा पाऊस कितीही चांगला झाला तरी बेत बदलत नाही. त्यामुळे पावसाचा आणि या स्थलांतराचा संबंध शोधायचा तर जुलै-ऑगस्टमध्ये शोधावा लागतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलेल्या सोयाबीनला फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंतचा काळ साधारण ४५व्या ते ७५व्या दिवसात, म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येतो. त्या दिवसांत तीन आठवडे उघडीप पडली की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या हलक्या, मुरमाड जमिनीतले पीक हातचे जाते. मुकादम नेमका तेव्हाच गावात असतो.

सरकारी कामाचे वेळापत्रक वेगळे चालते. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी (पीक किती आले याचा सरकारी अंदाज) सप्टेंबरअखेर, सुधारित ३१ ऑक्टोबरला आणि मराठवाड्यात अंतिम पैसेवारी १५ डिसेंबरला लागते. २०२३ मध्ये संपूर्ण देशाचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा गेला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी होता. राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो ३१ ऑक्टोबरला. त्यात वडवणी, धारूर, अंबाजोगाई हे बीड जिल्ह्यातले तालुके होते. 'दुष्काळ जाहीर' ही बातमी तुम्ही पहिल्या पानावर घेतली, ते योग्यच. पण ज्यांच्यासाठी तो जाहीर झाला त्यांच्यातले किती जण तेव्हा गावात उरले होते, हा प्रश्न त्या बातमीत हवा होता.

दुसरी तक्रार जिल्ह्याच्या सरासरीबद्दल. 'बीडमध्ये सरासरीच्या ९८ टक्के पाऊस' अशा धाटणीच्या वाक्यातून स्थलांतराबद्दल काहीही कळत नाही. समजा एखाद्या महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, हंगामात ६५० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला २०० मिलिमीटर दोन दिवसांत कोसळला, तर कागदावर वर्ष चांगले दिसते. शेतात मात्र माती वाहून गेलेली असते आणि मधले तीन आठवडे कोरडे गेलेले असतात. राज्य सरकारच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. त्यावरून दोन गोष्टी काढायच्या: २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेले दिवस किती, आणि पावसाच्या दोन दिवसांमधला सर्वांत मोठा खंड किती व कोणत्या तारखांना. सोबत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झालेले दिवस मोजले की अतिवृष्टीचीही बाजू कळते. हे काम तालुका वार्ताहराला अर्ध्या तासात जमते. यासाठी हवामानशास्त्राची पदवी लागत नाही, फक्त तहसीलच्या प्रेसनोटवर विसंबायचे नाही.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी आहे आणि ती एकाच कारणाला धरून बसण्याबद्दल आहे. तुमच्याकडे स्थलांतराला दर वर्षी एक कारण असते. प्रत्यक्षात ऊसतोडीला जाणे हा अनेक वर्षे चालत आलेल्या खात्याचा प्रकार आहे. २०२३ पासूनची वर्षे एका ओळीत ठेवली की ते दिसते.

ऑगस्ट २०२३ कोरडा गेला. खरीप बसला, उचल वाढली. २०२४ ला पाऊस चांगला झाला. पण सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात भाव त्याच्या बराच खाली राहिला. म्हणजे त्या वर्षी शेतकऱ्याला पावसाने मारले नाही, भावाने मारले. तोडणीला गेलेल्याला तिसऱ्याच गोष्टीने गाठले. २०२३ च्या कोरड्या हंगामात उसाच्या लागणी घटल्या होत्या. ऊस बारा ते अठरा महिन्यांचे पीक, त्यामुळे त्या दुष्काळाची झळ २०२४-२५ च्या गळीत हंगामाला लागली. राज्याचे साखर उत्पादन आदल्या हंगामातल्या सुमारे ११० लाख टनांवरून ८० लाख टनांच्या आसपास आले आणि बहुतेक कारखाने मार्चअखेरपर्यंत बंद झाले. हंगाम आखूड झाला तर तोडणाऱ्याचे काय होते, याचा हिशेब आम्ही खाली मांडत आहोत. तो कुठल्याही टोळीकडून पडताळून घ्या.

जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला सरासरी दोन टन ऊस तोडतो, मोळ्या बांधतो आणि गाडीत भरतो असे धरू. एक लाखाची उचल फेडायला २७३ टन तोडावे लागतात, म्हणजे १३७ दिवस, एकही खाडा न होता. हंगाम शंभर दिवसांत आटोपला तर तोड होते २०० टनांची, कमाई ७३,२०० रुपयांची आणि मागे उरतात २६,८०० रुपये. आठवड्याची खर्ची मुकादमाने दिलेली असते, तीही याच खात्यात चढते. आजारपणाचा एखादा खाडा पडला की त्याचा दंड वेगळा. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून हाती चार पैसे येतात तेवढीच भर. उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवली जाते आणि त्या कुटुंबाचे पुढच्या वर्षीचे जाणे पाऊस पडण्याच्या आतच ठरून जाते.

त्यातच २०२५ चा सप्टेंबर आला. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सीना आणि मांजरेच्या काठच्या जमिनी खरवडून गेल्या. त्या वर्षीच्या ट्रकखाली ओळ आली 'अतिवृष्टीमुळे स्थलांतर'. ओळ खोटी नव्हती. पण त्यातल्या अनेकांची बाकी २०२४-२५ च्या आखूड हंगामाची होती, तो हंगाम आखूड झाला २०२३ च्या दुष्काळामुळे, आणि मधल्या वर्षी घर सावरायला जे सोयाबीन होते त्याचा भाव पडला होता. चार कारणांतली तीन बातमीत नव्हती.

इथे हवामान बदलाचा संबंध नेमका कुठे येतो तेही पाहू. घराला एका वाईट वर्षातून सावरायला दोन-तीन बरी वर्षे लागतात. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे पावसात ४० टक्क्यांच्या आसपास तूट पडली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्यांना आठवते. त्या दोन वर्षांत मोडलेली घरे उभी राहायच्या आत २०१८ चा दुष्काळ आला. दोन झटक्यांमधले अंतर कमी होत गेले की बाकी फिटायला वेळच मिळत नाही. झटका दर वेळी दुष्काळाचाच असावा असेही नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशाकडे जाणाऱ्या मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या टोकाच्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्याचे दिसून आले. कोरडे खंड आणि धो-धो पाऊस एकाच हंगामात येणे ही आता बीडच्या शेतकऱ्याला नवलाईची गोष्ट राहिलेली नाही.

जितके सांगता येते तितकेच सांगावे, हीदेखील आमची मागणी आहे. मराठवाड्याचा दुष्काळ जुना आहे. १९७२ च्या दुष्काळात ऊसतोडीची वाट रुंदावली आणि रोजगार हमीची कल्पनाही त्याच काळात आकाराला आली. २०१५ आणि २०२३ ही एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापून भारतातला पाऊस बहुधा घटतो तशी, वर्षे होती. अमुक एका वर्षीच्या तुटीत हवामान बदलाचा वाटा किती, हे सांगायला त्या घटनेचा स्वतंत्र अभ्यास व्हावा लागतो. तो झाला नसेल तर 'हवामान बदलामुळे' हा शब्द मथळ्यात टाकू नका. बातमीच्या आत नीट समजावून लिहा, जागा कमी लागते आणि वाचकाची दिशाभूलही होत नाही.

याची दुसरी बाजू आम्हाला अधिक बोचते. सगळे अस्मानीच्या खात्यावर टाकले की सुलतानी सुटते. बीडची पावसाची सरासरी साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर. उसाला वर्षाला १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. तरीही मराठवाड्यातच साखर कारखाने वाढत गेले आणि धरणांचे पाणी उसाकडे वळले. बालाघाटावरच्या गावात भूमिहीन आणि दोन-तीन एकर कोरडवाहूवाले जास्त आहेत. गोदाकाठच्या बागायती गावात पाऊस तितकाच पडला तरी तिथून तितके कोयते निघत नाहीत. अशी दोन गावे शेजारी ठेवून पाहिली की पावसाचा वाटा आणि पाण्याच्या वाटपाचा वाटा वेगळा करता येतो. पाऊस सारखा, पाणी वेगळे; किंवा पाणी सारखे, जमीनधारणा वेगळी. वार्ताहराने एका गावाऐवजी दोन गावांत जावे. बातमीची गुणवत्ता तेवढ्याने बदलते. एकाच गावातून कारण ठरवणारी बातमी आमच्या मते अर्धवट आहे.

आणि दूरच्या शहरात न जाता ही माणसे उसाच्या फडातच का जातात, याचे उत्तर तर पावसात अजिबात नाही. जायला पैसे लागतात. मुंबई-पुण्यात खोलीचे भाडे, अनामत, पहिला पगार होईपर्यंतचा खर्च हाताशी हवा. ऊसतोडीला मुकादम आधी पैसे देतो, गाडी पाठवतो, कोप (राहायची झोपडी) घालायला जागा दाखवतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्यालाही हे स्थलांतर परवडते, कारण ते कर्जावर चालते.

मुक्कामाच्या ठिकाणचे हवामानही तुमच्या बातम्यांत येत नाही. २०२१-२२ चे वर्ष घ्या. पाऊस चांगला, ऊस अमाप, राज्यात विक्रमी १३७ लाख टन साखर, आणि गाळप जूनपर्यंत लांबले. 'शिल्लक उसाचा प्रश्न' महिनाभर गाजला. १ मेनंतर गाळलेल्या उसातून साखरेचा उतारा घटतो म्हणून कारखान्यांना टनामागे २०० रुपयांचे अनुदानही जाहीर झाले. मे महिन्याच्या उन्हात पाचटात उभे राहून तो ऊस तोडणाऱ्याला त्या उन्हाचे काय मिळाले, हे विचारणारी बातमी आम्हाला शोधावी लागली. चांगल्या पावसाच्या वर्षीही हवामान माणसाला गाठते, ते असे.

आता आकड्यांकडे येऊ. जागतिक बँकेने २०२१ च्या अहवालात सहा प्रदेश मिळून २०५० पर्यंत २१ कोटी ६० लाख लोकांना हलावे लागू शकते असे म्हटले. हा आकडा मथळ्यात येतो तेव्हा त्याच्या मागचे चार तपशील गळून पडतात. एक, ही सगळी माणसे आपापल्या देशाच्या आत हलणारी आहेत. दोन, २१ कोटी ६० लाख ही सर्वांत वाईट परिस्थितीतली वरची मर्यादा आहे. उत्सर्जन घटले आणि विकास नीट झाला तर तोच अहवाल ४ कोटी ४० लाखांपर्यंत खाली येतो. तीन, हा गणिती प्रतिमानाचा निष्कर्ष आहे, शिरगणती नाही. चार, आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे: ते प्रतिमान दशकांच्या टप्प्यांत विचार करते, सहा महिन्यांनी परतणारा माणूस त्यात धरलेलाच नाही. धारूरहून कोल्हापूरला जाऊन एप्रिलमध्ये परतणारे कुटुंब त्या २१ कोटींत कुठेही नाही. मग ऊसतोडीच्या ट्रकच्या फोटोवर तो आकडा छापायचा कशाला?

फुगवलेल्या आकड्यांनी नुकसान झाल्याचे उदाहरणही समोर आहे. २०१० पर्यंत पाच कोटी 'पर्यावरणीय निर्वासित' होतील, असे २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांकडून सांगितले गेले. २०१० उलटले, ते पाच कोटी कुणाला दाखवता आले नाहीत आणि हवामान बदलच थोतांड आहे म्हणणाऱ्यांना आयते कोलीत मिळाले.

दर वर्षी येणारा दुसरा आकडा जिनिव्हाच्या अंतर्गत विस्थापन निरीक्षण केंद्राचा. तो माणसे मोजत नाही, हालचाली मोजतो. एकाच माणसाला वर्षात दोनदा घर सोडावे लागले तर नोंदी दोन. खबरदारी म्हणून हलवलेले लोकही त्यात येतात. मे २०१९ मध्ये फनी चक्रीवादळाआधी ओडिशाने सुमारे १२ लाख लोकांना सुरक्षित ठिकाणी नेले. १९९९ च्या महाचक्रीवादळात त्याच राज्यात दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली होती. ते १२ लाख 'विस्थापित' म्हणून मोजले जातात, आणि त्या आकड्यात यंत्रणेचे यश आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीतून चार लाखांहून अधिक लोक हलवले गेले, आणि पाणी ओसरल्यावर बहुतेक घरी परतले. दरड कोसळलेल्या तळिये किंवा इर्शाळवाडीच्या लोकांना मात्र परतायला गाव उरले नाही. काही दिवसांचे हलणे, सहा महिन्यांचे जाणे आणि कायमचे उठणे या तीन गोष्टींची बेरीज करून एक मोठा आकडा काढण्यात काही अर्थ नाही. तिन्हींना लागणारी मदत वेगळी असते.

'निर्वासित' म्हणण्याबद्दल थोडक्यात. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट आणि राजकीय मत या पाच कारणांवरून होणारा छळ धरला आहे आणि माणूस देशाबाहेर असावा लागतो. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. आपल्या देशात राहणाऱ्या नागरिकाला निर्वासित म्हटले की त्याचे इथले हक्क, म्हणजे रेशन, मतदान, मुलांची शाळा, हे जणू कुणाच्या मेहेरबानीचे विषय होतात.

ग्रामीण पानावर ज्यांच्याबद्दल हळहळ असते, तीच माणसे शहर पुरवणीत 'लोंढे' होतात. दोन्ही पानांचे संपादक एकाच मजल्यावर बसतात.

जे जात नाहीत त्यांच्याबद्दल तर जवळजवळ काहीच येत नाही. ब्रिटिश सरकारच्या फोरसाइट प्रकल्पाने २०११ मध्येच सांगितले होते की हवामानाचे संकट सर्वांत जास्त त्यांना भोवते ज्यांना हलायचे आहे पण हलता येत नाही. मराठवाड्यात ते सहज दिसतात: ज्यांना मुकादम उचल देत नाही अशी वयस्क माणसे, एकट्या स्त्रिया, अपंग. कोयता जोडीचा असतो; जोडी नसेल तर उचल मिळणे अवघड. मागे राहिलेली आजी दोन-तीन नातवंडे सांभाळते, टँकरच्या रांगेत उभी राहते. 'ओस पडलेले गाव' या फोटोत ती नसते, कारण ती असली की गाव ओस दिसत नाही.

एक महत्त्वाची बातमी अजून तुमच्या हातात आहे. फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची लोकसंख्या मोजणी आहे, संदर्भ तारीख १ मार्च. फेब्रुवारी हा गाळपाचा भर हंगाम. लाखो तोडणी कामगार तेव्हा फडात असतील. गणनेच्या पूर्ण काळात घरी नसलेल्या माणसाची मोजणी तो जिथे असेल तिथे व्हायला हवी, म्हणजे प्रगणकाने कोपींपर्यंत पोहोचायला हवे. मुळात ऊसतोड कामगार किती, याचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत पसरलेले आहेत. २०११ मध्ये स्थलांतराची कारणे काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलणे, कुटुंबासोबत हलणे आणि इतर इतकीच होती. १९९१ मध्ये दुष्काळ-पुरासारख्या नैसर्गिक आपत्तींचा वेगळा रकाना होता, तो पुढे गेला. दुष्काळात कर्ज काढून ऊस तोडायला गेलेला माणूस 'काम' या रकान्यात बसतो आणि पावसाचा संबंध सरकारी कागदावरून पुसला जातो. हवामानाचा आणि स्थलांतराचा संबंध आकडेवारीत दिसत नाही, असे अधिकारी सांगतात तेव्हा त्यांना हे विचारा.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

ऊसतोडीची पहिली बातमी जुलै-ऑगस्टमध्ये करा, उचल वाटली जात असताना. मंडळाचा पावसाचा खंड, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची आधीच्या ऑक्टोबरची आणि मे महिन्याची पातळी, उचल किती, मागची बाकी किती, पैसे कशाला लागले (बियाणे, दवाखाना, लग्न, जुने देणे), एवढ्या पाच गोष्टी त्यात असाव्यात. दुसरी बातमी एप्रिल-मेमध्ये, परतल्यावर: किती दिवस तोड झाली, किती फिटले, किती उरले. मधली ट्रकची बातमी तुम्ही करताच.

त्याच त्या गावांत दर वर्षी जा. पाच वर्षांचा माग ठेवलेली दोन गावे पन्नास गावांच्या धावत्या दौऱ्यापेक्षा जास्त सांगतात.

बोलताना बाईशी स्वतंत्र बोला. कोयत्यात निम्मे कष्ट तिचे असतात आणि हिशेबाच्या वहीत तिचे नाव क्वचित असते. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्यांनी राज्य सरकारला समिती नेमायला लावली, हे तुमचेच काम होते.

जागतिक आकडा छापला तर त्यासोबत तो देशांतर्गत आहे की सीमेपलीकडचा, माणसांचा आहे की हालचालींचा, मोजलेला आहे की प्रतिमानातला, आणि खालची मर्यादा काय, या चार गोष्टी चौकटीत द्या. शहर पुरवणीतले 'लोंढे' आजपासून बंद करा.

वसतिगृहांचा पाठपुरावा घ्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे ठरली. त्यातली तुमच्या तालुक्यातली कुठे आहेत, दारे कोणत्या तारखेला उघडली आणि ट्रक कोणत्या तारखेला निघाले, या दोन तारखा शेजारी छापा. ऊस गाळपावर टनामागे दहा रुपये घेऊन ज्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला निधी द्यायचा ठरले, त्याच्या जमाखर्चाची बातमी दर वर्षी यावी.

जनगणनेच्या काळात प्रत्येक साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात प्रगणक कोपींपर्यंत गेले का, हे तुमच्या वार्ताहराने जाऊन पाहावे. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर आवृत्त्यांनी हे काम बीड आवृत्तीवर ढकलू नये; माणसे तेव्हा त्यांच्या हद्दीत असतात.

मे महिन्यात तालुका वार्ताहरांची बैठक ठेवलीत तर महारेनवरून मंडळाचा खंड कसा काढायचा, विहिरींच्या पातळ्या कशा वाचायच्या आणि उचलीचा हिशेब कसा मांडायचा, हे दाखवायला आम्ही येऊ. मानधन नको, दोन तास आणि एक फळा पुरे.

कळावे,

आपले,
मराठवाड्यातील हंगामी स्थलांतरावर काम करणारे काही कार्यकर्ते, शिक्षक आणि अभ्यासक